शेअर्ड फोल्डर वापरताच उबुंटू गोठतं? गेस्ट ॲडिशन्सची आवृत्ती बघा

बाहेर विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स ७.० (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम), आत उबुंटू २२.०४ लिनक्स. शेअर्ड फोल्डरमधून (विंडोज आणि उबुंटू दोन्हींना दिसणारा फोल्डर) मोठी फाइल कॉपी करायला घेतली की फाइल मॅनेजर गोठायचा. 'डीमेसेज'च्या (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) शेवटच्या ओळींत 'व्हीबॉक्सएसएफ' दिसायचं; हे शेअर्ड फोल्डर चालवणारं कर्नलचं मॉड्यूल. फोल्डर काढून परत जोडला, रॅम वाढवली, परवानग्या बदलणारं 'सीएचमॉड' चालवलं (इथे त्याचा उपयोग नाही, परवानग्या फोल्डर माउंट करतानाच, म्हणजे जोडतानाच ठरतात). दोन संध्याकाळी यातच गेल्या.

मूळ कारण आवृत्त्यांची तफावत: आतली गेस्ट ॲडिशन्स (शेअर्ड फोल्डरसारख्या सोयींसाठी उबुंटूत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं सॉफ्टवेअर) उबुंटूच्या पॅकेजमधून आलेली, ६.१ ची.

आधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर आभासी संगणक आहे त्या स्थितीत परत आणता येईल. 'व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट'ने सुरू होणारी सगळी पॅकेजेस ॲप्टने पर्ज करून (सेटिंग्जसकट काढून) रीबूट करा. मग मॉड्यूल बनवायला लागणारी 'बिल्ड-इसेन्शियल', 'डीकेएमएस' आणि कर्नल हेडर्स ही पॅकेजेस टाका. हेडर्सचा आकडा 'यूनेम -आर' कमांडने दिसणाऱ्या, चालू कर्नलच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळलाच पाहिजे, नाहीतर मॉड्यूल बनत नाही. बहुतेकांचं इथेच अडतं. आता डिव्हाइसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी लावा, तिच्यातली लिनक्सची रन फाइल सुडोने चालवा, पुन्हा रीबूट. मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या 'मॉडइन्फो व्हीबॉक्सएसएफ' कमांडमध्ये ७.० दिसलं की जमलं.

फोल्डर दिसतो पण उघडत नाही? युजरला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा.