वृद्धाश्रमाच्या बागेत झाडं लावण्याआधी

रोपवाटिकेत जायच्या आधी सकाळ-संध्याकाळ एकेक तास त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसा. ऊन कुठे रेंगाळतं, पाणी कुठे साचतं, आजी-आजोबा खोलीतून बाहेर आले की आपसूक कुठे वळतात, हे वहीत टिपून ठेवा. त्यांच्या अंगणात कोणती झाडं होती तेही विचारा. बाग त्यांची आहे, यादी त्यांच्यापासूनच सुरू करा.

झाडांच्या आधी वाट आखून घ्या. एक चाकाची खुर्ची जायला किमान ९० सेंटिमीटर रुंदी लागते आणि समोरून दुसरी आली तर १५० तरी हवी. चढ असेल तर १२ फुटांत १ फुटापेक्षा जास्त नको. वाट फिरून पुन्हा दाराशीच येऊ द्या. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस बंद टोकाशी पोचलं की गांगरून जातं. फरशी खरखरीत असावी, पण सांध्यांत उंचसखलपणा नको. वॉकर अडायला बोटभर उंचवटाही पुरतो.

आता झाडं. वर काय फुलतं ते सगळेच बघतात. तुम्ही आधी खाली काय पडतं ते बघा. नारळ आणि फणस वाटेपासून, बाकांपासून चांगले लांब ठेवा. नारळाची वाळकी झावळीही डोक्यात पडली तर मोठी इजा करते. वड, पिंपळ, उंबर, रबर इमारतीजवळ नकोतच, त्यांची मुळं फरशी उचलतात आणि गटारात शिरतात.

पारिजातक मात्र हवाच हवा. फक्त तो वाटेवर झुकता कामा नये, कारण ओल्या फुलांच्या सड्यावरून पाय घसरतो. झाडाभोवती गुडघाभर उंच पार बांधा, म्हणजे फुलं पारावर पडतील आणि वेचायला वाकावं लागणार नाही. पार बांधताना खोडाभोवती मोकळी जागा सोडा, खोडाला माती चढवली तर ते कुजतं. मी एका आजींना पारिजातकाचा देठ चिमटीत चुरगळून बोटाला लागलेला केशरी रंग कितीतरी वेळ न्याहाळताना पाहिलंय. त्या सकाळपासून हे झाड माझ्या यादीत पहिलं असतं.

चाफा फांदीवरूनही लागतो. हातभर लांबीची पक्की फांदी कापून आठवडाभर सावलीत ठेवा, कापाचा चीक सुकला की मग लावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. रातराणी खिडकीखाली नको, दम्याच्या माणसाला रात्री तो वास सोसत नाही. मोगरा बाकाच्या हाताशी ठेवा.

काही झाडं बागेत आणायचीच नाहीत: कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड. कण्हेरीचं विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. डिफेनबेकिया, म्हणजे ठिपकेदार मोठ्या पानांचं शोभेचं कुंडीतलं झाड, तेही नको. त्याचं पान चावलं तर त्यातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड आणि घसा सुजतो. विसराळू माणूस दिसलेलं पान तोंडात घालू शकतं, हे धरूनच चाला. बोगनवेल कुंपणापलीकडे असू द्या. म्हातारपणी कातडी पातळ होते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काट्याच्या जखमेतलं रक्त लवकर थांबत नाही.

ज्यांना मातीत हात घालायचाय त्यांच्यासाठी ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीचे वाफे करा. खुर्चीतून काम करायचं असेल तर वाफ्याखाली गुडघे शिरायला मोकळी जागा हवी. कुंड्यांच्या ताटल्या आणि पानांच्या पेल्यात पाणी धरून ठेवणारी ब्रोमेलियाडं आठवड्यातून एकदा रिकामी करायची, नाहीतर डास झालेच. पाण्याच्या पाइपाला भिंतीवर खुंटी ठोका, तो वाटेत आडवा पडलेला नको.

लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करा. खड्डे खणायच्या आदल्या दिवशी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसा आणि कुणाला तरी ढकलायला सांगून सगळी फेरी मारा. दोन्ही बाजूंना हात लांब करून बोटं जिथे पोचतील तिथे चुन्याची खूण करा. काटेरी किंवा चिकाचं काहीही त्या खुणेच्या आत लावू नका.