सागवानी देव्हाऱ्याच्या दारावर अष्टदल कमळ कसं कोरावं

जुन्या गाभ्याचा, पूर्ण वाळलेला, २५ मि.मी. जाडीचा साग घ्या. पांढुरकी कड आणि गाठ असलेला तुकडा नको. सागात वाळूसारखी सिलिका असल्यामुळे हत्याराची धार लवकर जाते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पटाशी चामड्यावर घासा. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चेपते; तो चेपलेला डाग पॉलिशनंतर काळा दिसतो.

हत्यारं फार लागत नाहीत. ६ आणि १२ मि.मी.च्या सपाट आणि गोल पटाश्या, एक व्ही आकाराची पटाशी आणि लाकडी मोगरी पुरे. फळी क्लॅम्पने आवळा आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवा. दिवा वरून नको, बाजूने हवा. सपाट उजेडात खोली कळत नाही.

१२० मि.मी. व्यासाचं वर्तुळ काढा, मध्ये ३० मि.मी.चं कर्णिकेसाठी, म्हणजे कमळाच्या मधल्या गोलासाठी. ४५ अंशांवर रेषा मारून आठ पाकळ्या आखा. फळी अशी धरा की दोन पाकळ्या लाकडाच्या रेषेत, म्हणजे तंतूंच्या दिशेत, येतील.

आता पाकळ्यांच्या कडेने उभा काप द्या, आधी रेषेला आडवे, मग रेषेतले. उलट केलं तर लाकूड उभं फाटत पाकळीत शिरतं. मूठ पाकळीकडे किंचित झुकवा, म्हणजे पाकळीची भिंत तळाशी रुंद राहते. खालून पोखरलेली पाकळी पुढे कपड्याच्या धक्क्यानेही तुटते. एका वेळी २ मि.मी.च खोल जा, भोवतालची जमीन, म्हणजे फुलामागचं सपाट लाकूड, तेवढीच उतरवा, आणि असं तीनदा करून ६ मि.मी. गाठा. खोली मोजायला पट्टीच्या तुकड्यातून ६ मि.मी. बाहेर आलेला स्क्रू पुरतो. पट्टी फुलावर टेकवून फिरवा.

खरं काम पाकळीच्या पोटात आहे. टोक उंच ठेवा आणि कर्णिकेजवळ ३ मि.मी. खाली उतरत या. रेषेतल्या पाकळ्या सहज होतात. तिरप्या चार पाकळ्यांत मात्र मधल्या शिरेची एक बाजू टोकाकडून आत कोरावी लागते, तर दुसरी आतून टोकाकडे. ढलपी गुळगुळीत वळत निघाली तर दिशा बरोबर. खरखर ऐकू आली, तंतू उपसले, की लगेच थांबा आणि उलट बाजूने या. जोर लावून हे सुटत नाही. आडव्या दोन पाकळ्यांची टोकं जास्त जाड ठेवा, कारण तिथे तंतू आखूड असतात आणि टोक सहज उडतं. उडालंच तर तुकडा शोधा, लगेच फेविकॉलने बसवा आणि २४ तास हात लावू नका.

जमीन एकसारखी झाली नाही, तर बोथट खिळ्याने ठिपके मारून दाणेदार करा. त्यावर फूल उठून दिसतं.

पॉलिश पेपर सगळं कोरून झाल्यावरच, १८० मग २२० नंबरचा, कडा सोडून वापरा. मध्येच घासलं तर कण लाकडात रुततात आणि पटाशी खराब होते. सागाची धूळ घशाला, त्वचेला त्रास देते, म्हणून मास्क हवाच. स्पिरिटने पुसून लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्या. दाट पॉलिश खोबणीत साचतं. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं.