एक्सएमएलमधले चार रेट बदलायला एक्सएसएलटी कशाला?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या पार्टांची रेटलिस्ट एक्सएमएलमध्ये (टॅग लावून माहिती ठेवायची पद्धत), बदलायचे असतात चारच रेट, आणि मी त्यासाठी एक्सएसएलटी, म्हणजे एका एक्सएमएलवरून दुसरी फाईल बनवायची भाषा, लिहीत बसायचो, त्यात आयडेंटिटी टेम्प्लेट (बाकीचं सगळं जसंच्या तसं कॉपी करणारा नियम) घालायचं विसरलं की टॅग सगळे गायब, नुसता मजकूर उरतोय बघा.

१. साचाच बदलायचाय, यादीचं एचटीएमएल करायचंय, तर एक्सएसएलटीच घ्या.
२. एखादी किंमत बदलायची, नोड (एखादा टॅग त्यातल्या मजकुरासकट) काढायचा, तर एक्सक्वेरी अपडेट, म्हणजे एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेतली बदल करायची सोय. वेबचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०११ मध्येच स्टँडर्ड केलंय. 'रिप्लेस व्हॅल्यू ऑफ नोड' लिहिलं की एका ओळीत काम होतंय, बाकीचं कॉपी करायला वेगळं टेम्प्लेट लागत नाही.
३. बेसएक्स हा एक्सएमएल डेटाबेस फुकट आहे, त्यात चालवा.

फक्त बेसएक्सच्या कमांडलाईनवर 'यू' (-u) ऑप्शन दिला की मूळ फाईलच बदलती, आधी कॉपी काढून ठेवा.