तुरीवर अळी यायच्या आधीच तिचा अंदाज कसा घ्यायचा

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा भागात तूर फुलकळीला आली आणि दोन दिवस आभाळ राहिलं की लगेच दुकानात गर्दी होते, शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारतो, अळी आहे का नाही ते बघतच नाही. तर घाटेअळीचा, म्हणजे तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचा अंदाज घ्यायला दोनच गोष्टी लागतात, कामगंध सापळा (मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून घेणारा) आणि वही.

कळी लागायच्या सुमारास एकरी दोन सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, आणि तूर वाढेल तसे वर सरकवत राहा. ल्युर, म्हणजे सापळ्यात लावायची वासाची गोळी, घाटेअळीचीच मागा, गुलाबी बोंडअळीची वेगळी असते. औषधाच्या नायतर तंबाखूच्या हातानं ती धरू नका आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. रोज सकाळी पतंग मोजायचे, वहीत तारीख, आकडा, आभाळ कसं होतं ते लिहायचं आणि सापळ्याची पिशवी रिकामी करायची, नाहीतर कालचे मेलेले आज परत मोजले जातात.

सापळ्यात फक्त नर येतात, मादी बाहेर अंडी घालतच असते, म्हणून सापळा लावला की अळी जाईल असं धरून बसू नका, तो फक्त आधी कळवतो. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात 8 ते 10 पतंग आले की समजायचं अंडी पडायला लागलीत आणि आठवड्याच्या आत बारीक अळ्या दिसणार. मग मात्र बांधावरून बघून चालत नाही, आत शिरा, पाच जागी चार-चार झाडं धरा, कळ्या आणि कोवळ्या शेंगा नीट उलटून बघा. खसखशीएवढं पिवळसर पांढरं अंडं एकेकटं चिकटलेलं असतं, आणि शेंगेला गोल भोक पाडून अळी अर्धी आत, अर्धी बाहेर दिसते.

नुसती अंडी किंवा बारीक अळ्या असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क बास होतो. दर झाडामागं एक अळी दिसली किंवा शंभरातल्या पाच-दहा शेंगा पोखरल्या असतील तरच शिफारशीचं औषध घ्या, पण मग उशीर करू नका, मोठ्या झालेल्या अळीला औषध लवकर लागत नाही आणि पैसे मातीत जातात.

आणि आपला आकडा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, सहायक कृषी अधिकाऱ्यांनाही (आधीचे कृषी सहायक) सांगा, क्रॉपसॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या कीड-रोग पाहणी प्रकल्पात, त्यांची निरीक्षणं चालूच असतात. चार शिवारांचे आकडे एकत्र दिसले की पतंग कुठून वाढत येतायत ते कळतं आणि पलीकडच्या शिवाराला फवारणीची तयारी करायला दोन-चार दिवस हातात मिळतात.