संमतीने घटस्फोट घ्यायचाय? आधी अटींचा कागद नीट लिहा

स्टॅम्पपेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध नाही’ असं लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, नोटरीचा शिक्का मारायचा आणि सोडचिठ्ठी झाली म्हणायचं. अशी सोडचिठ्ठी आजही कितीतरी घरांतल्या कपाटात जपून ठेवलेली असते. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल आणि ती कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. एरवी हा कागद रद्दीच. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते रद्दबातल ठरतंच, शिवाय गुन्हाही होतो.

म्हणून दोघं राजी असली तरी कोर्टाची पायरी चढावी लागते. फक्त ती चढण भांडणाच्या दाव्याइतकी लांब नसते.

आधी कायदा कोणता ते बघा

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. संमतीच्या घटस्फोटाचं कलम आहे १३ब. लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालं असेल तर कलम २८. इथे एक गल्लत हमखास होते. मांडवात लग्न लावून नंतर महापालिकेत त्याची नोंद केली, की लोक त्याला ‘रजिस्टर मॅरेज’ म्हणतात. ती नुसती नोंद असते, त्याने कायदा बदलत नाही. दाखल्यावर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते वाचा. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी जोडप्यांचे कायदे निराळे आहेत. पुढचं सगळं १३ब बद्दल.

अर्जाच्या आधी निदान वर्षभर दोघं वेगळी राहत असली पाहिजेत. वेगळी म्हणजे नवरा-बायको म्हणून नाही. घरभाडं परवडत नाही म्हणून एकाच छपराखाली राहिलात, तरी हे वर्ष धरता येतं.

कोर्ट कोणतं

लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा बायको आता जिथे राहते, यांपैकी कुठल्याही ठिकाणी अर्ज करता येतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फी माफ आहे. उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चाने वकीलही मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं सक्तीचं नाही, पण अटी एकदा जाणकाराच्या नजरेखालून गेलेल्या बऱ्या.

खरं काम: अटींचा कागद

या प्रकारात कोर्ट सहसा तुमच्यासाठी काही ठरवत नाही. तुम्ही जे लिहून आणता त्यावर शिक्का बसतो. तरीही लोक वकिलाच्या कॉम्प्युटरमधला जुना मसुदा नावं बदलून वापरतात आणि मग दोन वर्षांनी भांडत बसतात.

एक वाक्य बघा: ‘सुट्टीत मुलगा वडिलांकडे राहील.’ कुठली सुट्टी? दिवाळीची की मेची? पूर्ण की अर्धी? आणायला कोण जाणार? त्याऐवजी असं लिहा: ‘मे महिन्याच्या सुट्टीतले पहिले पंधरा दिवस मुलगा वडिलांकडे राहील. वडील त्याला सकाळी दहा वाजता आईच्या घरून नेतील आणि सोळाव्या दिवशी त्याच वेळी परत आणून सोडतील.’ वाचायला रुक्ष आहे, पण भांडायला जागा उरत नाही. मुलाच्या पासपोर्टवर सही कोण करणार, शाळा बदलायची तर कोणाला विचारायचं, आजारपणाचा खर्च कोणी किती उचलायचा, तेही लिहा.

पैशाचंही तसंच. एकरकमी पोटगी ठरली असेल तर रक्कम, तारीख आणि डीडी कोणत्या सुनावणीला द्यायचा ते नोंदवा. अर्धी रक्कम पहिल्या वेळी आणि उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी, ही पद्धत दोघांनाही सोयीची पडते. मुलाचा खर्च मात्र वेगळा धरा. ‘मला काही नको’ अशी सही आईने केली, तरी मुलाचा पोटगीचा हक्क संपत नाही.

दागिन्यांची यादी वजनासकट करा आणि मिळाल्याची सही त्याच कागदावर घ्या. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर हक्कसोडपत्र कोण आणि कधी नोंदवून देणार ते ठरवा. गृहकर्जाबाबत एक लक्षात ठेवा: तुमच्यातला करार बँकेवर बंधनकारक नसतो. हप्ता चुकला की बँक दोघांच्याही दारात येणार.

एकमेकांवर केसेस चालू असतील तर त्यांचे नंबर घाला. बायकोच्या छळाचा गुन्हा (भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ४९८अ) नुसत्या समझोत्याने मिटत नाही, तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तिथे संमतीचं प्रतिज्ञापत्र देण्याची जबाबदारी इथेच लिहून ठेवा.

अर्ज, समुपदेशक आणि सहा महिने

अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. सोबत लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा जोडा. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात, एकत्र आणि वेगवेगळं. कुणी धाकदपटशाने सही घेतली असेल तर ते सांगायची जागा हीच.

मग कायद्याने सहा महिने थांबायचं आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा मागणी करायची. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं. त्यासाठी अर्जाच्या वेळीच दीड वर्षाहून जास्त काळ वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने तशी मागणी करता येते. म्हणजे इथेही अटींचा कागदच कामी येतो.

हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. तसं झालं तर १३ब चा रस्ता बंद, आणि मग क्रूरता, परित्याग अशी कारणं मांडून एकट्याने दावा लढवायचा.

निकालानंतर

हुकूमनाम्याच्या सहीशिक्क्याच्या नकला काढा. एक नाही, तीन-चार. पासपोर्ट, बँक, सोसायटी, जो तो मागतो. आणि विम्याच्या पॉलिसीवरचं नॉमिनी म्हणून असलेलं नाव घटस्फोटाने आपोआप पुसलं जात नाही. तो फॉर्म वेगळा भरावा लागतो.