डावखुऱ्या नेमबाजाने एअर रायफल कशी हाताळावी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्याकडच्या रेंजवर रायफल शिकायला येणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची उत्सुकता वाढलेली दिसते. यांतली काही मुले डावखुरी असतात. क्लबची रायफल, क्लबचे जॅकेट आणि शिकवणाऱ्याची सवय हे सगळे उजव्या हाताच्या नेमबाजासाठी तयार झालेले असल्यामुळे, या मुलांच्या वाट्याला बहुधा अर्धवट तडजोड येते. मी स्वतः डावखुरा आहे आणि पहिले वर्षभर उजव्या हाताची रायफल डाव्या खांद्याला लावून, मान वाकडी करून नेम धरत होतो. त्या वर्षात लागलेल्या सवयी मोडायला मला पुढची दोन वर्षे लागली. म्हणून खाली लिहिलेले सर्व विवेचन प्रामुख्याने १० मीटर एअर रायफलला धरून आहे, कारण नव्या नेमबाजाची सुरुवात तिथूनच होते.

सर्वात आधी हात बाजूला ठेवून डोळा तपासावा. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये एक लहान त्रिकोणी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना घड्याळ फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. ही तपासणी पाच-सहा वेळा करावी, कारण मूल नकळत हात एका बाजूला सरकवते. डावा हात आणि डावा डोळा दोन्ही प्रबळ असतील तर प्रश्नच उरत नाही. रायफल डाव्या खांद्यालाच लावावी. अडचण येते ती डावा हात आणि उजवा डोळा असलेल्यांची. अगदी नवशिक्या मुलाच्या बाबतीत माझे मत असे आहे की डोळ्याचे ऐकावे आणि उजव्या खांद्यावरून शिकवावे, कारण चाप हळुवार दाबणे हे बोट काही महिन्यांत शिकते, परंतु कोणत्या डोळ्याने पाहायचे हे मेंदूने ठरवलेले असते. जो बरीच वर्षे डाव्या खांद्यावरून नेम धरत आला आहे, त्याने मात्र बाजू न बदलता उजव्या डोळ्यापुढे पांढरट, अर्धपारदर्शक ब्लाइंडर, म्हणजे दृष्टी अडवणारी छोटी पट्टी, लावावा. स्पर्धेच्या नियमांनुसार तो ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा. काळ्या पट्टीने डोळा पूर्ण झाकू नये आणि मिटूही नये, कारण त्याचा ताण नेम धरणाऱ्या डोळ्यावर येतो.

आता रायफलकडे वळू. उजव्या हाताचा नेमबाज आपला उजवा गाल बटाच्या, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाच्या, डाव्या अंगाला टेकवतो. डावखुऱ्याचा डावा गाल बटाच्या उजव्या अंगाला टेकतो. त्यामुळे डावखुऱ्याचा चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा तुकडा, रायफलच्या उजव्या बाजूला हवा, हे ऐकायला उलटे वाटले तरी तेच बरोबर आहे. आजच्या ॲल्युमिनियमच्या बहुतेक स्टॉकमध्ये (नळी ज्यावर बसवलेली असते त्या सांगाड्यात) चीक पीस फिरवून बसवता येतो आणि ग्रिप, म्हणजे चापाच्या हाताची मूठ, बदलता येते. ग्रिप मात्र डाव्या हाताचीच घ्यावी. उजव्या तळव्यासाठी कोरलेली ग्रिप डाव्या हातात धरली की अंगठ्याला जागा मिळत नाही, मनगट वळते आणि बोट चापावर सरळ मागे न येता तिरके येते. ग्रिप बदलल्यावर चापाचे पाते पुन्हा जुळवावे, म्हणजे बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग त्यावर सहज टेकेल. जुन्या लाकडी स्टॉकमध्ये चीक पीस एकाच बाजूला कोरलेला असतो. असा स्टॉक पहिल्या दोन-चार दिवसांच्या ओळखीपुरता चालतो. त्यावर सराव करू नये, कारण डायॉप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या, छिद्रामागे डोळा आणण्यासाठी डोके खाली आणि पुढे ढकलावे लागते आणि साठ शॉट होईपर्यंत मान आखडते.

छर्रा भरण्यासाठी उघडायचा दांडा, म्हणजे लोडिंग लिव्हर, हा दुसरा मुद्दा. काही रायफलींमध्ये लिव्हर डावीकडे बसवता येतो. तसे असेल तर उजवा हात रायफलखाली ठेवून तिचे पुढचे टोक स्टँडवर टेकवावे, डावा हात ग्रिपवरून काढून लिव्हर उघडावा, त्याच हाताने छर्रा ठेवावा आणि लिव्हर बंद करावा. छऱ्यांची डबी डाव्या हाताला न पाहता सापडेल अशा जागी असावी. लिव्हर उजवीकडेच असेल तर डाव्या हाताने रायफलवरून पलीकडे पोहोचण्याची धडपड करू नये. पुढचे टोक स्टँडवर पक्के टेकवून, डाव्या हाताने ग्रिप धरून ठेवावी, बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवावे आणि मोकळ्या झालेल्या उजव्या हाताने लिव्हर व छर्रा हाताळावा. दोन्ही पद्धतींत नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेने राहिले पाहिजे. हात बदलताना बट ढळतो आणि नळी शेजारच्या लेनकडे वळते, ही डावखुऱ्यांकडून होणारी सर्वात धोकादायक चूक आहे. म्हणून पहिले आठ दिवस छर्रा न घालता केवळ ही हालचाल घोटावी. रायफल पेटीत ठेवतानाही विचार करावा: पेटी टेबलावर उघडल्यावर नळी लक्ष्याकडेच असावी आणि रायफल उचलून न फिरवता थेट डाव्या खांद्याशी नेता यावी. सराव थांबताच नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालावा.

जॅकेटबाबत काटकसर करू नये. डाव्या हाताच्या जॅकेटमध्ये बट न घसरण्यासाठी लावलेला खरखरीत तुकडा डाव्या खांद्यावर असतो आणि पुढची पट्टीही उलट बाजूने बंद होते. उजव्या हाताचे जॅकेट घातले तर बट गुळगुळीत कापडावर टेकतो आणि दर शॉटला थोडा वेगळ्या जागी बसतो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असताना हा फरक परवडत नाही. जाड हातमोजा उजव्या हातात येतो.

उभे राहण्याच्या पद्धतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण कोच सांगतो ते उजव्या हातासाठी असते आणि मूल प्रत्येक सूचनेत डावे-उजवे मनातल्या मनात उलटवत बसते. त्यावर सोपा उपाय आहे. शिकवताना डावा आणि उजवा हे शब्दच सोडून द्यावेत आणि पुढचा पाय, मागचा पाय, आधाराचा हात, चापाचा हात असे म्हणावे. पुढचा पाय म्हणजे लक्ष्याजवळचा. डावखुऱ्याचा तो उजवा. पाय खांद्याइतके लांब ठेवून कंबर थोडी लक्ष्याकडे सरकवावी, आधाराच्या हाताचे कोपर त्याच बाजूच्या कमरेच्या हाडावर टेकवावे आणि पाठ किंचित मागे झुकवावी, म्हणजे रायफलचे वजन (नियमांनुसार ते जास्तीत जास्त ५.५ किलो असते) हाताच्या स्नायूंवर न येता हाडांमधून पायांत उतरते. चापाच्या हाताचे कोपर सैल खाली सोडावे. डोक्याकडे रायफल थोडी कलती धरायची असेल, तर डावखुऱ्याची रायफल उजवीकडे कलेल.

यानंतर स्वाभाविक नेम, म्हणजे जोर न लावता रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती दिशा, तपासावी. रायफल खांद्याला लावून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची साइट) लक्ष्याच्या बाजूला गेलेली असेल तर हाताने ओढून आणू नये, मागचा पाय हलवावा. इथे उलटेपणा नेमका कसा काम करतो ते नीट पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाने मागचा पाय बोटांच्या दिशेने सरकवला की नळी डावीकडे जाते. डावखुऱ्याने तेच केले तर ती उजवीकडे जाते. माझ्या पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितले नव्हते. मी भिंतीवरचा उजव्या हातासाठीचा तक्ता पाहून पाय सरकवत असे, नेम आणखी दूर जाई आणि मी तो खांद्याने दाबून परत आणत असे. डावखुऱ्याने एवढेच ध्यानात ठेवावे: बोटांकडे पाय, नळी उजवीकडे, टाचेकडे पाय, नळी डावीकडे. एकेक सेंटिमीटर सरकवून पुन्हा डोळे मिटून पाहावे.

पुढे ५० मीटर .२२ (काडतुसाच्या) रायफलकडे जाणाऱ्याने बोल्टचा, म्हणजे काडतूस भरण्यासाठी मागे-पुढे सरकवायच्या दांड्याचा, विचार आधीच करावा. प्रोन (पालथे पडून) पोझिशनमध्ये डावखुऱ्याचा उजवा हात स्लिंगमध्ये, म्हणजे रायफलला जोडलेल्या पट्ट्यात, जखडलेला असतो, त्यामुळे बोल्ट उजवीकडे असेल तर डावा हात ग्रिप सोडून रायफलवरून पलीकडे न्यावा लागतो, गाल उचलला जातो आणि बांधलेली पोझिशन दर शॉटला मोडते. शिवाय उजवीकडून बाहेर पडणारी पुंगळी आणि वायू डावखुऱ्याच्या चेहऱ्याच्या बाजूला येतात. संरक्षक चष्मा इथे अनिवार्य समजावा. या प्रकारासाठी डाव्या बोल्टची रायफल मिळेपर्यंत थांबलेले बरे. एअर रायफलमध्ये निभावून नेता येते तसे इथे येत नाही.

शेवटी लेनमधली एक गोष्ट, जी उजव्या हाताच्या कोचच्या लक्षात येत नाही. रेंजवर सगळे उजवीकडे तोंड करून उभे असतात आणि डावखुरा एकटा डावीकडे. म्हणजे उजवीकडच्या शेजाऱ्याशी त्याची पाठ लागते आणि डावीकडचा शेजारी त्याच्या थेट समोर, जेमतेम एका मीटरवर येतो. त्याचा श्वास, त्याचे रायफल खाली घेणे, त्याचा चेहरा हे सगळे दिसत राहते. पहिल्या स्पर्धेत माझे लक्ष यामुळेच उडाले होते. सुरुवातीच्या काळात सरावाला रेंजच्या अगदी डाव्या टोकाची लेन मागून घ्यावी, तिथे समोर भिंत असते. पोझिशन बसल्यावर मात्र आठवड्यातून दोन दिवस मधल्या लेनमध्ये, समोर कुणीतरी उभे असताना, पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉटची पूर्ण मॅच खेळावी, कारण स्पर्धेत लेन निवडता येत नाही. स्पर्धेच्या दिवशी सरावाचे शॉट सुरू होण्याआधी स्टँड आणि मॉनिटर आपल्या बाजूला वळवून घ्यावेत. मॉनिटर डावीकडे असला की शॉटनंतर डोके आणि पाय न हलवता केवळ नजर फिरवून गुण वाचता येतात.