क्रोशाच्या पोपटाची मान सरळ झाली, त्याची गोष्ट

भाचीच्या पाळण्यावर टांगायला हिरवा पोपट विणला. चोच मनासारखी जमली, पण मान एका बाजूला कलायची आणि पोटावरच्या टाक्यांमधून आतला पांढरा कापूस दिसायचा. फार वाईट वाटलं. सगळा उसवला.

कापूस दिसायचं कारण सुई. ३.५ मिमीऐवजी २.५ मिमीची घेतली आणि वीण घट्ट बसली. टाके घटवताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे उचलून एकत्र विणले, त्यामुळे भोकं पडली नाहीत.

मानेने मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. आधी ३६ टाक्यांच्या पोटावरून थेट १२ वर आले होते. एवढ्या बारीक मानेवर डोकं कसं पेलणार? या वेळी १८ वर थांबले. कापूसही शेवटी एकदम न कोंबता, मान विणून होताच चिमूटचिमूट घेऊन पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाबत भरला, अगदी कडक होईपर्यंत. मग डोक्याचे टाके वाढवले.

डोळ्यांना मणी लावले नाहीत. बाळ काहीही तोंडात घालतं, म्हणून काळ्या दोऱ्याने भरले. आता पोपट समोर बघतो, आणि भाची त्याच्याकडे.